चाट मेली

मे महिन्यात मुद्दाम कूलर बंद करणारं घर मी यवतमाळात एकच पाहिलं. त्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी बी.एस्सी.ची तीन वर्षं काढली. घरमालकांना सगळी गल्ली साहेब म्हणायची, म्हणून मीही साहेबच म्हणायचे. ते सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी कोणता पूल बांधला की कालवा काढला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते त्याबद्दल बोलत नसत. ते फक्त आवाजाबद्दल बोलत.

मोठ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. महागावजवळ आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथे वडीलधाऱ्यांबद्दल वाईट बोलायचं झालं तर माणसं आधी आवाज खाली घेतात. पण मी खूप आठवून पाहिलं आणि साहेबांच्या बाजूनं लिहिण्यासारखी एकच गोष्ट सापडली. खोली देताना त्यांनी मला जात विचारली नाही. कान विचारले.

"बारीक आवाज ऐकू येतो का तुला?"

मी घाबरत हो म्हणाले.

"मग स्वतःच्या चपलांचाही ऐकू येत असेल. जिन्यावर त्या हातात घ्यायच्या."

खालचा हॉल हे त्या घराचं देवघर होतं. माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच दोन स्पीकर, भिंतींवर लटकवलेले गालिचे, जाड पडदे, आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. खुर्चीचे चार पाय जिथे टेकले पाहिजेत, तिथे फरशीवर हिरव्या रंगाचे ठिपके काढलेले होते. साहेबांच्या बायको, म्हणजे काकू, झाडत असताना खुर्ची बोटभर सरकली तरी साहेब बसल्या बसल्या ओळखत. निदान तसं ते म्हणत. मी एकदा काकूंना मुद्दाम ती सरकवून ठेवताना पाहिलं. साहेब दोन दिवस तशाच खुर्चीत डोळे मिटून बसले आणि आवाज आज विशेष खुलला आहे म्हणाले.

काकूंचा टीव्ही स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी होता. हॉलमध्ये गाणं चालू असताना टीव्हीही बंद आणि मिक्सरही बंद. काकू चटणी वाटायच्या ती साहेब दाढीला गेले की. घाईघाईनं वाटलेली ती जाडीभरडी चटणी जेवताना साहेबच नावाजायचे नाहीत. ताट पुढे सरकवून म्हणायचे, "चाट मेली."

हा त्यांचा लाडका शब्द होता. तबल्याच्या काठावर बोट मारलं की जो टणत्कार निघतो, ती चाट. आवाज वाईट उतरला की पहिल्यांदा ती मरते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही असेल. पण साहेबांच्या दृष्टीनं जगात जवळपास सगळ्याचीच चाट मेलेली होती. चहाची मेली होती, शहराची मेली होती, शेजारच्या सुनेच्या हसण्याची मेली होती. मी पहिल्या वर्षी पहिल्या वर्गात पास झाले म्हणून पेढा द्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझा विषय विचारला. कॉम्प्युटर म्हटल्यावर माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुमच्या कॉम्प्युटरनंच एमपीथ्री आणलं. एमपीथ्री म्हणजे काय? रस काढून घेतल्यावर उरलेलं उसाचं चिपाड. ते सगळा देश चघळतो आहे."

मी फोनवर काय ऐकते, हे त्यांनी एकदा विचारलं होतं. माझ्या फोनमध्ये होळीला तांड्यावर गातात ती लेंगी होती, मीच रेकॉर्ड केलेली. त्यांनी फोन कानापासून लांब धरून चार-पाच क्षण ऐकलं आणि परत दिला.

"हे गाणं आहे? मला वाटलं फोनला खोकला झाला."

गाणारी माझी याडी होती, म्हणजे माझी आई. मी ते त्यांना सांगितलं नाही. फोन घेतला आणि चपला हातात धरून वर गेले.

रविवारी दुपारी साहेबांकडे बैठक भरायची. त्यांच्या वयाची पाच-सात निवृत्त मंडळी यायची. साहेब पडदे ओढून घ्यायचे, मग कूलर बंद, मग पंखा बंद. दोन रागांच्या मधली शांतता ऐकू आली पाहिजे, हे त्यांचं कारण. यवतमाळच्या उन्हाळ्यात बंद हॉलमध्ये ती माणसं घामानं निथळत विलंबित ख्याल ऐकायची. एकानं धीर करून म्हटलं, "साहेब, थोडा वेळ कूलर लावता काय?" साहेब म्हणाले, "कूलर ऐकायचा असेल तर दुकानात जा. तिथे फुकट ऐकवतात." ते गृहस्थ पुढच्या रविवारी परत आले. याचं मला नेहमी नवल वाटायचं. माणसाला कुणी तुच्छ मानलं की तो निघून जात नाही, तर त्याच्याकडून शाबासकी मिळवायला पुन्हा येतो, हे मी तिथे शिकले. मीही दोन-तीनदा त्या घामात बसले होते आणि मान डोलावली होती.

साहेबांना अरेतुरे करणारा एकच माणूस होता, लोहाऱ्याचे काका. दोघं शाळेपासूनचे मित्र. काकांचा लोहाऱ्याला ठिबकच्या नळ्यांचा छोटा कारखाना होता. त्यांच्या बायकोला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून ती दरवर्षी साहेबांना राखी बांधायची. त्यांची मुलगी छकुली साहेबांना मामा म्हणायची. साहेबांना मूलबाळ नव्हतं. छकुली लहानपणी सुट्टीत या घरी राहायची आणि तिचे केस काकू विंचरायच्या, असं काकूंनी मला कितीदा तरी सांगितलं आहे.

माझ्या पहिल्याच मे महिन्यातली गोष्ट. मी काकूंना पन्ह्याचे पेले नेऊन द्यायला मदत करत होते. लोहाऱ्याचे काका कुठल्या तरी प्रवासाहून येताना सरोदची एक सीडी घेऊन आले होते. साहेबांसाठी भेट. मोठ्या हौसेनं त्यांनी ती सगळ्यांसमोर पुढे केली.

"लाव बरं. दुकानदारानं स्टूलवर चढून काढून देल्ली मले."

साहेबांनी सीडी लावली, डोळे मिटले आणि तबला सुरू होताच बंद केली.

"एमपीथ्रीवरून उतरवलेली आहे. चाट मेली आहे."

"अबे, शीलबंद होती न. म्या सोता फोडली."

"शील तर तुझ्या नळ्यांच्या पुडक्यालाही असतं. नळ्यांना भोकं पाडता पाडता कानांची भोकं बुजली आहेत तुझ्या. तुला काय कळणार?"

कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले. लोहाऱ्याच्या काकांनी पन्ह्याचा पेला माझ्या हातातल्या ताटात ठेवला, भरलेला तसाच.

"बरं हाय, साहेब," ते म्हणाले आणि निघून गेले. मित्राला त्यांनी साहेब म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं. त्यानंतर ते आले नाहीत. रक्षाबंधनाला राखीही आली नाही. साहेब म्हणाले, खऱ्या श्रोत्याला एकटं राहावं लागतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना साहेबांचा सीडी प्लेअर अडखळायला लागला. भाग मिळेनात. साहेब कुठल्याशा ऑनलाइन गटात होते. तिथे कुणी तरी त्यांना पटवलं की सीड्यांचा काळ संपला, आता सगळं संगीत फाईलमध्ये उतरवून घ्यायचं. एमपीथ्रीसारखं पिळून नाही, तर सीडीवरचा कणन् कण जसाच्या तसा. आठवड्याभरात कॉम्प्युटरला शिव्या देणारे साहेब कॉम्प्युटरचे भक्त झाले. आवाज न करणारा, पंखा नसलेला एक काळा डबा आला. दोन हार्ड डिस्क आल्या. आणि मी कॉम्प्युटर शिकते हे त्यांना आठवलं. मला नाही म्हणता आलं नाही.

रोज कॉलेजातून आल्यावर मी हात धुऊन हॉलमध्ये बसायचे. सीडी फक्त कडेनं धरायची. पुसायची झाली तर मधून बाहेर पुसायची, गोल नाही. उतरवणारा प्रोग्राम सीडीचा प्रत्येक तुकडा दोनदा वाचायचा आणि मग जगभरच्या लोकांनी तीच सीडी उतरवली असेल तर त्यांच्या प्रतीशी ताडून पाहायचा. जुळली की हिरवी खूण. त्यानंतर साहेबांनी स्वतः घालून दिलेली आणखी एक परीक्षा असायची. फाईलचं चित्र काढायचं. त्या चित्रात आवाज खालून वर चढत जातो आणि वरच्या टोकाला झालरीसारखा विरतो.

"हे बघ," साहेबांनी मला शिकवलं होतं, "एमपीथ्री झालेला आवाज वरून कापलेला असतो. कात्री लावल्यासारखी सरळ रेघ. ती रेघ दिसली की माणूस फसवतो आहे असं समज. विकत घेतलेल्या फाईलीही मी अशाच तपासणार. मला कुणी बनवू शकत नाही."

काचेच्या कपाटातला वरचा कप्पा त्यांच्या अभिमानाचा होता. त्यातल्या सीड्या नागपूरच्या एका दुकानदारानं त्यांना वर्षानुवर्षं आणून दिल्या होत्या. परदेशात तयार झालेल्या म्हणून सांगून. प्रत्येकीवर सोनेरी स्टिकर होता. बैठकीत कुणी विशेष पाहुणा आला की याच कप्प्यातली सीडी लागायची आणि मग बाकीच्यांच्या कानांची कीव केली जायची.

त्या कप्प्यातली पहिली सीडी मी टाकली. प्रोग्रामनं सांगितलं, अशी प्रत कुणाकडेच नाही. दुसरीही तशीच. तिसरीही.

साहेब इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी बैठकीतल्या दोघांना लगेच फोन लावला. "अहो, कॉम्प्युटरच सांगतो आहे. जगात कुणाकडे नाहीत. दुर्मिळ म्हणत होतो ना मी?"

त्यांचं फोनवर चालू असताना मी नेहमीप्रमाणे चित्र काढलं. वर सरळ रेघ होती. कात्री लावल्यासारखी.

मी माझी खुर्ची जराशी बाजूला घेतली, त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसेल अशी. साहेबांचा फोन चालूच होता. मग हळूहळू थांबला.

"दुसरी काढ."

दुसरीचं काढलं. तिसरीचं काढलं. आम्ही तो कप्पा संपवला. प्रत्येक चित्रात तीच रेघ होती. जे चिपाड सगळा देश चघळतो म्हणून ते हसायचे, तेच त्यांनी वर्षानुवर्षं सोनेरी स्टिकर लावून चघळलं होतं, आणि तेही कूलर बंद करून.

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिकांच्या ड्रॉवरमधून एक सीडी घेऊन आल्या. ती पदरानं गोल गोल पुसून त्यांनी माझ्या हातात दिली. लोहाऱ्याच्या काकांची सरोदची.

"हेबी टाक वं."

साहेब नको म्हणाले नाहीत. मी टाकली. हिरवी खूण आली. चित्रात झालर वरपर्यंत चढत गेलेली होती.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"खरी आहे, काकू."

काकू साहेबांकडे वळल्या. "मंग जा आता लोहाऱ्याले. लग्नाच्या आधी जा."

लग्न छकुलीचं होतं, पुढच्याच महिन्यात. इकडच्या लग्नात नवरीला तिचा मामा हात धरून मांडवात आणतो. साहेबांशिवाय छकुलीला मामा नव्हता. छकुलीच्या आईनं काकूंना फोनवर सांगितलं होतं, "वयनी, तुमी तं यालच. पण आमचे हे म्हणतात, त्यानं येऊन आपला शब्द मागे घेतला तरच तो मामा. नाई तं त्या घरी पत्रिका नाई जायची." काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या आणि चांगली भाजी टोपलीतून बाहेर टाकत होत्या.

साहेबांनी वरचा कप्पा रिकामा केला. सगळ्या सीड्या तांदळाच्या रिकाम्या पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्या जिन्यावर ठेवली. माझे बा एकदा मला भेटायला आले होते, तेव्हा ती काचेची कपाटं पाहून त्यांनी जुन्या सीड्या मागितल्या होत्या. आमच्याकडे त्या दोऱ्यानं शेतात टांगतात. उन्हात चमकल्या की पाखरं ज्वारीवर येत नाहीत. त्या वेळी साहेब म्हणाले होते, "माझ्या सीड्या ऐकण्याची लायकी माणसांची नाही, पाखरांची कुठून असणार?" आता म्हणाले, "वडिलांना दे. टांगू देत."

पुढच्या आठवड्यात बांचा फोन आला. आमच्या गोरबोलीत म्हणाले, राघू काही भीत नाहीत, सीडीच्या दोरीवरच बसून कणसं खातात. साहेबांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

लोहाऱ्याला आम्ही तिघं ऑटोनं गेलो. मी कशाला, तर लॅपटॉप धरायला. साहेबांना तांत्रिक बाजू समजावून द्यायची होती. लोहाऱ्याच्या काकांनी या बसा म्हटलं. छकुलीच्या आईनं पाणी आणलं. छकुली दारात उभी राहिली. साहेबांनी मला चित्र उघडायला लावलं.

"प्लेअरचा लेझर जुना झाला होता," त्यांनी सुरुवात केली. "त्यामुळे वाचनात दोष येतो. आता फाईल केली आहे. तुझी सीडी आता चांगली आहे."

"आता चांगली हाय?" लोहाऱ्याचे काका म्हणाले. "तवा नोती?"

"तेव्हा प्लेअर..."

"अन् तुह्या त्या नागपूरवाल्या?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

"त्या काढून टाकल्या. जुन्या झाल्या होत्या."

छकुली दारातूनच म्हणाली, "मामा, माह्या बाबाच्या कानाची भोकं बुजली, हेबी प्लेअरच म्हणाला होता का?"

"तो विनोद होता गं."

"हसलो न आम्ही मंग," लोहाऱ्याचे काका म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हे पाय, गड्या. मले ते रेघोट्या नोको दाखवू. मले काई समजत नाई त्यातलं. तू फक्त चुकलो म्हण. एक शब्द. अन् पोरीचा हात धर. बाकी जेवनावळीचं, मांडवाचं बोलू आपन."

साहेबांनी तोंड उघडलं. मला खरंच वाटलं की ते म्हणणार. काकूंनी हातातला ग्लास खाली ठेवला. छकुली एक पाऊल पुढे आली. साहेबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मग बोट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवलं.

"तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर," ते म्हणाले.

छकुली आत निघून गेली. तिची आई उठली. "वयनी, भजे तळते. खाऊन जा," ती काकूंना म्हणाली. फक्त काकूंना. साहेब बाहेर ऑटोपाशी जाऊन उभे राहिले. मी लॅपटॉप मिटून त्यांच्यामागे गेले. भज्यांचा वास तिथपर्यंत येत होता.

परतताना साहेब बोलतच होते. "त्याला समजलंच नाही. लेझर म्हणजे काय ते माहीत नसलेल्या माणसाशी काय बोलणार?" गावात शिरल्यावर साडीच्या दुकानापाशी काकूंनी ऑटो थांबवला आणि उतरून गेल्या. नवरीला मामाकडची साडी लागते. साहेबांना हे कळलं का, मला सांगता येणार नाही. ते मला हार्ड डिस्कच्या दुसऱ्या प्रतीबद्दल सांगत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी साहेब आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून हॉलमध्ये बसले होते. मला वाटतं, कुणी तरी बोलवायला येईल अशी त्यांना आशा होती. पत्रिका आली होती ती काकूंच्या आणि माझ्या नावानं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी खुर्चीवरूनच विचारलं, "दार नीट ओढून घ्याल ना?"

मंगल कार्यालयात गुरुजींनी माईकवरून हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. कुणी हललं नाही. गुरुजींनी पुन्हा म्हटलं. तेव्हा छकुलीची आई काकूंजवळ आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे केलं आणि गुरुजींना म्हणाली, "ह्याच मामा. चालू करा."

माणसं कुजबुजली. एक म्हातारी म्हणाली, असं कुठे असतं का? पण तोवर काकू छकुलीचा हात धरून निघाल्याही होत्या. त्यांची चाल नेहमीची नव्हती. त्या घरात पाय वाजू नयेत म्हणून जशा जपून चालायच्या, तशा त्या चालत नव्हत्या. लोहाऱ्याचे काका एका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते आणि ते कुणाला दिसत नाही असं त्यांना वाटत होतं.

वरातीत डीजे होता. असा की छातीत दणके बसत होते आणि रस्त्यावरच्या दुकानांची शटरं थरथरत होती. छकुलीनं काकूंना ओढलं. काकूंनी मला ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यावरून उतरत होते. साहेब खाली उभे होते. कालचाच सदरा अंगात होता. त्यांनी छकुलीबद्दल विचारलं नाही. मांडवात कोण उभं राहिलं, तेही विचारलं नाही.

"कसा होता आवाज?" ते म्हणाले. "डीजेच लावला असेल. नुसता गोंगाट ना?"

मी तीन वर्षं त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही ते उलट असावं असं मनात नव्हतं. जे खरं होतं तेच सांगितलं.

"मला नाही सांगता येणार, साहेब. आम्ही नाचत होतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि काकू," मी म्हणाले.